मागच्या रांगेतला माणूस : शिरूर-दौंडचे साथीदार आणि आपल्या संशोधनाची साधनं

तुमच्या आवडीच्या कुठल्याही बँडचं नाव घ्या. गाणारा लगेच आठवतो, गिटारवाला आठवतो, ड्रम वाजवणाराही बहुतेक आठवतो. आता बेस गिटार वाजवणाऱ्याचं नाव सांगा. इथे बरेच जण अडतात. आर. डी. बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांतला बेस आपल्याला गुणगुणता येतो, पण तो वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? गाणं ज्याच्या आधारावर उभं असतं, त्याचंच नाव बहुतेक वेळा कुठे लिहिलेलं नसतं.

ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत वाजवणाऱ्या वादकांवर २००८ साली एक पुस्तक काढलं. त्यासाठी त्याने मुख्यतः वादकांशीच बोलून साहित्य गोळा केलं. त्यांत गोव्याचे ख्रिस्ती होते, पारशी होते, वाजंत्र्यांच्या घराण्यांतून आलेले लोक होते. कारण सरळ होतं. त्या काळच्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावं सहसा नसत. कोण, काय, कुठल्या गाण्यात वाजवत होतं हे वाजवणाऱ्यांनाच माहीत होतं. त्यांच्या आठवणी, किस्से आणि 'धंद्यात राहायचं तर काय करावं' असे त्यांचे धडे हेच इतिहासाचं साधन झालं.

संशोधनाच्या तयारीत असलेले बरेच जण विचारतात, "आमच्या तालुक्यात कसला आलाय विषय?" म्हणून हाच प्रश्न आज आपण मुंबईहून उचलून शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत नेऊ. तिथे बेस गिटार नाही, ढोलकी आहे, तुणतुणं आहे, पेटी आहे, हलगी आहे. पण मागच्या रांगेतला माणूस तोच आहे.

एक नदी, दोन तऱ्हांचं काम

नकाशा समोर घ्या. शिरूर म्हणजे जुन्या लोकांचं घोडनदी, पुणे-नगर रस्त्यावरचं. दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन. दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरहून न्हावऱ्यावरून खाली आलात, भीमा ओलांडून पारगाव, केडगाव केलंत, की चौफुल्याला पुणे-सोलापूर रस्ता लागतो. नावच चौफुला, म्हणजे रस्ते मिळतात ती जागा. आणि हे गाव महाराष्ट्रात ओळखलं जातं ते तिथल्या लावणीच्या थिएटरांमुळे, आजच्या भाषेत कलाकेंद्रांमुळे.

तमाशाचे दोन मोठे प्रकार तुम्हाला ठाऊक असतील. एक ढोलकी-फडाचा तमाशा : गण, गवळण, रंगबाजी, मग वग. मोठा फड, तंबू, ट्रक, गावोगावच्या जत्रा. दुसरा संगीत बारी : थिएटरात एकामागून एक पार्ट्या आपापल्या पाळीने लावणी सादर करतात. बारी म्हणजे पाळी. फडाच्या तमाशाची राजधानी जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. तिथे हंगामात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देऊन जातात. शिरूरचा पश्चिम भाग या पट्ट्याला लागून आहे. याच तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) यांनी अनेक फडांसाठी गाणी आणि वगनाट्यं लिहिली, आणि त्यांना राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कारही मिळाला. म्हणजे ढोबळमानाने भीमेच्या अलीकडे फडाचं वळण, पलीकडे चौफुल्याला बारीचं. ही काही पक्की रेघ नव्हे. माणसं इकडून तिकडे जातच असतात. पण अभ्यासाला ही मांडणी सोयीची आहे, कारण वाद्य तेच असलं तरी दोन्हीकडे कामाच्या अटी वेगळ्या आहेत.

फडातला ढोलकीवाला हंगामी कामगार असतो. साधारण दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि वैशाखात, पावसाच्या तोंडावर, संपतो. मधले चार महिने हाताला काम नाही. म्हणून तो पुढच्या हंगामाच्या पगारावर मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो. तिला 'उचल' म्हणतात. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मालकानेही फड उभा करायला सावकाराकडून कर्ज काढलेलं असतं, म्हणजे उचलीची साखळी वरपर्यंत जाते.

बारीतला ढोलकीवाला किंवा पेटीमास्तर एका पार्टीशी बांधलेला असतो. पार्टी बाईच्या नावाची, मालकीण तीच. तिकिटाचे पैसे थिएटर आणि पार्टी यांच्यात वाटले जातात, शिवाय प्रेक्षकांकडून येणारी दौलतजादा. त्यातून साथीदारांचा वाटा निघतो. मालकीण आणि साथीदार पुष्कळदा एकाच नात्यागोत्यातले असतात, त्यामुळे 'मजुरी' आणि 'घरचं काम' यांची सीमा पुसट होते.

आता यात आणखी एक गोष्ट घाला. न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना, पाटसला भीमा साखर कारखाना. ज्या महिन्यांत ऊस तुटतो आणि कारखाने चालतात, साधारण त्याच महिन्यांत तमाशाचाही हंगाम असतो. ऊसतोडीतली उचल आणि फडातली उचल हा एकच शब्द आहे, आणि तो योगायोग नाही. दोन्हीकडे कोरडवाहू भागातला माणूस पावसाळ्यातल्या अडचणीपायी पुढच्या हंगामातलं आपलं काम आधीच विकून बसतो. साथीदाराकडे फक्त 'कलावंत' म्हणून बघितलंत तर हे दिसणार नाही. 'हंगामी कामगार' म्हणून बघितलंत तर लगेच दिसेल.

कागद काय सांगतात

प्रबंधाच्या आराखड्यात 'साधने' हा रकाना भरायचा असतो. चला, भरून बघू.

पहिलं साधन गॅझेटिअर. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा, १८८५चा, तीन भागांत. त्यात लोकसंख्येचं वर्णन जातवार आहे. वाजवणं हा तिथे जातीचा धंदा म्हणून येतो, एखाद्या माणसाचं कसब म्हणून येत नाही. 'हे लोक वाजवतात' एवढंच कळतं. कोण वाजवतं, काय शिकलं, कुणाकडून शिकलं, ते नाही.

दुसरं, सरकारी नियंत्रणाची कागदपत्रं. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, तमाशावर बंदी आली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि अटी घालून खेळ पुन्हा सुरू झाले. पुढे परवाने आले, संहिता तपासून घेणं आलं. या कागदांतली भाषा नीट वाचा. संहितेची काळजी आहे, म्हणजे लिहिणाऱ्याची. अश्लीलतेची काळजी आहे, म्हणजे नाचणाऱ्या बाईची आणि सोंगाड्याच्या तोंडच्या शब्दांची. परवाना थिएटरच्या किंवा फडाच्या मालकाच्या नावाने. ढोलकीला संहिता नसते, त्यामुळे तपासायला काही नाही. जे तपासलं जात नाही त्याची नोंदही होत नाही. सरकारला ज्याची भीती वाटते त्याचाच कागद तयार होतो, हे सूत्र इथेच लिहून ठेवा, पुढे इतर विषयांतही उपयोगी पडेल.

तिसरं, जाहिराती आणि हँडबिलं. त्यावर फडमालकाचं नाव मोठ्या अक्षरांत, मग नर्तिका, मग सोंगाडी, वगाचं नाव. एखाद्या नामांकित ढोलकीवाल्याचं नाव क्वचित येतं. तुणतुणं धरून झील ओढणाऱ्या सुरत्याचं जवळजवळ कधीच नाही.

चौथं, आधीचं संशोधन. शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतांवरचा १९९५चा लेख आणि शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं २०२२चं पुस्तक वाचल्याशिवाय या विषयाला हात घालू नका. दोघींनी जात, लैंगिकता आणि प्रतिष्ठा यांचा प्रश्न मध्यभागी आणला, आणि तो तिथेच असायला हवा. साथीदार हा त्याच प्रश्नाचा न बघितलेला कोपरा आहे, त्याला पर्याय नाही. हा मुद्दा शेवटाकडे पुन्हा येईल.

किस्सा कसा वाचायचा

कागद संपले की उरतात किस्से. आपल्याकडे मार्गदर्शकांपासून परीक्षकांपर्यंत अनेकांना किस्सा म्हणजे मसाला वाटतो. म्हणून तो वाचायची रीत शिकून घ्यावी लागते. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, सगळ्यांना माहीत असलेलं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्याबद्दल सांगितलं जातं की खेळ चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, त्या मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. हा किस्सा विठाबाईंच्या हिमतीचा म्हणून सांगतात, आणि तो तसा आहेच. पण तुम्ही संशोधक म्हणून एक प्रश्न विचारा : त्या मागे असताना बोर्डावर काय चाललं होतं? खेळ थांबला नाही असं आपण म्हणतो, म्हणजे कुणीतरी तो चालवत होतं. तमाशात अशी वेळ ढोलकी, हलगी आणि सोंगाडी निभावतात. ढोलकी-हलगीची जुगलबंदी लांबवायची, बतावणी वाढवायची, पब्लिकला बसवून ठेवायचं. किस्सा सांगताना ही माणसं गळून पडतात. प्रसिद्ध किस्सा हातात आला की त्यातला रिकामा भाग शोधायचा, तिथून प्रश्न निघतो.

दुसरं उदाहरण कसबाच्या धड्यांचं. ढोलकीवाले शिकवताना नेहमी सांगतात की नजर नाचणारीच्या पायावर ठेव, आपल्या हातावर नको. वाजवणारा स्वतःच्या हाताकडे बघायला लागला की चाळांचा आणि ढोलकीचा मेळ सुटतो. ऐकायला हा संगीताचा धडा, पण त्यात कामाची उतरंड लपलेली आहे : पुढे कोण, मागे कोण, चूक झाली तर सावरून कुणी घ्यायचं. दुसरा धडा कातड्याचा. दमट हवेत, पहाटेच्या गारठ्यात कातडं ढिलं पडतं, सूर उतरतो. हलगी शेकोटीवर धरून तापवावी लागते, ढोलकी पुन्हा पट्टीत चढवावी लागते. या एका धड्यातून बघा किती कळतं : खेळ रात्रभर चालत होते, उघड्यावर होते, थंडीच्या महिन्यांत होते, आणि वाजवणाऱ्याचं काम खेळाच्या आधी सुरू होऊन मधेमधेही चालू राहत होतं. आता हेच धडे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आल्यानंतर वाजवायला लागलेल्या मुलाला विचारा. शेकोटी गेली, तिच्या जागी जनरेटर आणि साउंडवाला आला. यंत्रामुळे काम कसं बदललं याचा इतिहास तुम्हाला या दोन उत्तरांच्या फरकात सापडेल.

तिसरं उदाहरण तारखांचं. 'तेव्हा', 'त्या वर्षी', 'पोरगी लहान होती तेव्हा' असंच लोक बोलतात. सन विचारलात तर अंदाजे काहीतरी सांगतील. त्याऐवजी खुंट्या वापरा : पानशेत फुटलं त्याच्या आधी का नंतर (१२ जुलै १९६१)? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७)? बहात्तरचा दुष्काळ? किल्लारी (३० सप्टेंबर १९९३)? शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा भाग, त्यामुळे बहात्तर सगळ्यांच्या लक्षात असतो. त्या साली जत्रेची वर्गणी निघाली का, सुपारी किती फुटली, ढोलकीवाले दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले का, असे नेमके प्रश्न विचारा. दुसरी खुंटी तिथीची. गावची जत्रा तिथीवर असते. 'चैत्री पौर्णिमेला अमुक गावी खेळ झाला' असं कळलं आणि वर्षाचा अंदाज लागला, की जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारीख काढता येते. मग त्या तारखेचं हँडबिल, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र आणि त्याच फडातल्या दुसऱ्या माणसाची आठवण, तिन्ही शेजारी ठेवून पडताळा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर का जुळलं नाही तेही लिहा.

आपल्या डोळ्यांदेखत पडलेली एक खुंटी विसरू नका. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. देशभरच्या लॉकडाऊनचा तो पहिला दिवस. ज्या दिवसांत नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, नेमक्या त्याच दिवसांत सगळं बंद झालं. पुढच्या वर्षीही जत्रांचा हंगाम गेला. ज्याने उचल घेतली होती त्याच्या डोक्यावर ती तशीच राहिली, आणि फेडायला खेळच नव्हते. या दोन वर्षांच्या आठवणी आज ताज्या आहेत. दहा वर्षांनी त्या 'कोरोनात लई हाल झाले' एवढ्या एका वाक्यात आकसतील. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, आणि लवकर घ्या.

नाव लिहायचं की झाकायचं?

आता खरी अडचण. संशोधनाची नीतिनियमावली म्हणते, माहिती देणाऱ्याची ओळख झाका. 'मुलाखत क्रमांक ७, पुरुष, वय ६८, ढोलकीवादक' असं लिहा. नियम चांगल्या हेतूचा आहे. थिएटरशी असलेला संबंध उघड झाला तर नातीचं लग्न मोडेल अशी भीती अजूनही आहे. उचलीच्या, कर्जाच्या गोष्टी मालकापर्यंत पोचल्या तर काम जाऊ शकतं.

पण दुसरी बाजू बघा. आपण आत्तापर्यंत काय पाहिलं? गॅझेटिअरने नाव लिहिलं नाही, परवान्यावर नाव आलं नाही, हँडबिलावर आलं नाही. आणि आता आपणही नियमाचं पालन करून ते लिहिणार नाही. शंभर वर्षं जे झालं तेच आपण संमतिपत्रावर सही घेऊन करणार.

हा नुसता तात्त्विक पेच नाही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, आणि २०२४ पासून महिना ५००० रुपये मिळतात. वय ५० पूर्ण हवं आणि कलाक्षेत्रात किमान १५ वर्षं काम केल्याचे पुरावे हवेत. आता सांगा, तीस वर्षं सुरत्या म्हणून तुणतुणं वाजवलेल्या माणसाने पुरावा कुठला जोडायचा? ज्या हँडबिलावर त्याचं नाव छापलंच नाही, ते? म्हणजे कागदावर नाव नसणं ही म्हातारपणाच्या औषधपाण्याची गोष्ट होते. तुमचा प्रबंध, तुम्ही ध्वनिमुद्रित केलेली मुलाखत, फोटोखाली लिहिलेलं नाव, हेही उद्या कुणासाठी पुरावा ठरू शकतं.

मला यातून निघालेली वाट अशी दिसते : संमती एकदाच, सगळ्याची मिळून घेऊ नका. तुकड्यातुकड्याने घ्या. कसबाचा भाग वेगळा : कुणाकडे शिकला, कुठल्या फडात होता, कुठली चाल त्याची, हलगीवाला जोडीदार कोण. इथे 'तुमचं नाव लिहू का?' असं सरळ विचारा. बहुतेक कलावंतांना नाव हवं असतं. देण्याघेण्याचा भाग वेगळा : उचल, कर्ज, भांडणं, घरातल्या गोष्टी. इथे नाव झाका, गावही बदला, आणि दोन्ही भाग एकाच माणसाचे आहेत हे वाचकाला जोडता येणार नाही याची काळजी घ्या. नीतिसमितीपुढे हे मांडायला जास्त पानं लागतील, पण मांडता येतं. आणि मुलाखतीची एक प्रत त्या माणसाला द्या. पेन ड्राइव्हमध्ये द्या, आणि त्याच्याकडे चालवायला काही नसेल तर छापून द्या, तारीख आणि तुमची सही घालून.

एक सावधगिरी

मागे म्हटलेला मुद्दा इथे पूर्ण करतो. मागच्या रांगेतल्या माणसाचा इतिहास लिहिताना पुढच्या रांगेतली बाई पुसली जाऊ देऊ नका. बोल लागला तो तिला. 'तमासगिरीण' ही शिवी झाली, 'ढोलकीवाला' ही शिवी झाली नाही. खेळ संपल्यावर साथीदार गावी जाऊन चारचौघांत बसू शकत होता. तिच्या घराकडे बघायची गावाची नजर वेगळी होती. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचा. त्या घरांतले पुरुष बाईच्या कमाईवर कसे उभे होते हे तिथे आतून दिसतं. साथीदाराचं शोषण आणि साथीदाराचा त्या व्यवस्थेतला फायदा, दोन्ही एकाच प्रकरणात लिहिता आलं पाहिजे. मालकिणीची बाजूही विचारा : तिने साथीदार कसे निवडले, वाटा कसा ठरवला, कोण मधेच सोडून गेला. हिशोब तिच्या डोक्यात पक्का असतो.

सुरुवात कुठून कराल

पीएचडीच्या प्रवेशासाठी आराखडा लिहीत असाल तर 'महाराष्ट्रातील लोकसंगीताचा इतिहास' असलं नाव देऊ नका. एक तालुका घ्या, एक वाद्य घ्या, एक हंगाम घ्या. 'शिरूर तालुक्यातील ढोलकी-फडांतील साथीदार : उचल आणि हंगामी श्रम, १९७२ ते २०२१' हे नाव कंटाळवाणं वाटेल, पण त्यावर काम करता येतं. आधी गावच्या जत्रा कमिटीकडे जा. वर्गणीच्या वह्या पुष्कळ ठिकाणी कुणाच्या तरी माळ्यावर पडून असतात, आणि त्यात तमाशाला किती दिले याचा आकडा असतो. मग फोटो स्टुडिओ, मग छापखाना. माणसांकडे त्यानंतर जा, म्हणजे हातात विचारायला काहीतरी असेल.

आणि पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. हंगामात तर भेटायलाच जाऊ नका, रात्रभर वाजवून आलेला माणूस दिवसा झोपतो. आषाढ-श्रावणात जा. वाद्यं गवसणीत असतात, फडाला सुट्टी असते, आणि पुढच्या सालाची उचल किती घ्यायची याचा विचार घरात चालू असतो. त्या दिवसांत तुमच्याशी बोलायला त्याच्याकडे वेळही असेल आणि विषयही.